ओम्नी म्हणजे सगळं

आमच्या मिशन शाळेत इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर देवाचे तीन शब्द लिहिले: ओम्निपोटंट, ओम्निशंट, ओम्निप्रेझंट. ‘ओम्नी’ लॅटिन, म्हणजे सगळं. पुढचे तुकडेही लॅटिनच. शक्ती, जाणणं, हजर असणं. नववीत आल्यावर पहिल्यांदाच इंग्रजी मला असं उलगडलं! घरी पोचेपर्यंत मी आप्पांना ‘ओम्निघोर’ आणि शेजारच्या तानाबाईंच्या म्हशीला ‘ओम्निखाऊ’ करून टाकलं होतं.

शालूआत्ती उद्याच्या खेट्याची तयारी करत होती. माघातल्या दर रविवारी अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जायचं, हे तिचं दरवर्षीचं. आत्ती म्हणजे आप्पांची बहीण. बिद्रीला असताना तिचा मुलगा जोतीराम तापानं गेला, तेव्हापासून आमच्याकडेच असते.

“आत्ती, एवढी पायपीट कशाला गं? देव ओम्निप्रेझंट असतो.”

“आनि त्यो कोन?”

“म्हणजे सगळीकडं हजर! चुलीपाशी, शाळेत, बिद्रीला. त्याला सगळं कळतं आणि सगळं जमतंसुद्धा.”

“लई शानी झालीस,” ती हसली. मी फुगले. मग खोबऱ्याची वाटी हातात तशीच धरून तिनं विचारलं, “बिद्रीला बी हुता म्हन की?”

“हो तर!”

“माझा जोती फनफनत हुता, तवा बी?”

मी दप्तर खाली ठेवलं.

“मला वाटायचं, त्यो तिकडं डोंगरावर. माझी हाक तितवर पोचली न्हाय. म्हनून त्याच्यावर कधी रागावलो न्हाय बघ मी.”

तिनं गुलालाची पुडी परत फळीवर ठेवली.

रविवारी ती गेली नाही. दिवसभर तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच पुन्हा. आई म्हणाली, अंग दुखत असेल. शाळेत बाईंनी तेच शब्द विचारले, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर करणारी मी बाकाखाली पेन्सिल शोधत राहिले.

शनिवारी धीर केला. “आत्ती, बाईंचं चुकलं गं. ओम्नी म्हणजे सगळं नाही, बरंचसं.”

“खोटं कशाला बोलतीस? फळ्यावरचं पुसलं म्हंजे माझ्या डोक्यातलं पुसतंय व्हय?”

“मग उद्या जायचं ना?”

“जातो. पर ह्या खेपेला मागाय न्हाय. इचाराय.”

मीही पिशवी घेऊन अनवाणी निघाले. खडे टोचत होते, पण हाय म्हणायची मला लाज वाटली. वाटेत सगळे ‘चांगभलं’ म्हणून गर्जत होते. एरवी सगळ्यांच्या वर आवाज काढणारी आत्ती गप्प.

गाभाऱ्यासमोर ती उभी राहिली. ओठ हलले नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, “पावणं, सरका की फुडं!” ती हलेना.

मी हात जोडले. देवा, ती आता विचारेल. त्या दिवशी तू इथंच होतास, बिद्रीला नव्हतास, एवढं तिला वाटू दे. सगळा नसलास तरी चालेल.