फुलचूरवालीचा गुंड

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना गुंड आहे. नाव ऐकून दचकू नका. आमच्या गोंदियाकडे पाणी भरायच्या घड्याला गुंड म्हणतात. आता माझ्या बुडाला चीर गेली आहे, म्हणून मी देव्हाऱ्याशेजारी पोटात तांदूळ घेऊन बसतो. पण मला सांगायची आहे ती एका बाईची हकीकत, आणि तीच मला पुरती सांगता येत नाही.

इंग्रजांच्या राज्यात भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून घडवले. एका बापाने लेकीच्या आंदणासाठी मला विकत घेतले आणि माझ्या गळ्यावर तिचे नाव कोरून घेतले. तेव्हाची रीतच तशी होती. पण भांड्याला आपल्याच गळ्यावरचे कुठे वाचता येते? बाप तिला 'टुरी' म्हणे, म्हणजे पोरगी; आईही 'टुरी' म्हणे. त्या टुरीबरोबर मी बैलगाडीतून सासरी आलो.

नवरा बिजवर होता. पहिली बायको फुलचूरची, मूलबाळ न होताच वारलेली. आमच्याकडे सुनेला नावाने नाही, माहेरच्या गावाने हाक मारतात. मेलेलीचा जीव दुखू नये म्हणून सासूने नवीलाही तीच हाक चालू ठेवली, "ए फुलचूरवाली!" सुरुवातीला हाक आली की ती मागे वळून बघायची, दुसरे कुणी उभे आहे का. पुढे पुढे ती वळेनाशी झाली.

तिला एक मुलगी झाली, सुंदरा. मुलगी रांगत होती तेवढ्यात आई तापाने गेली. सुंदराच्या लग्नात मग मी तिच्याबरोबर तिरोड्याजवळच्या गावी आलो.

सुंदराबाईसारखी निगा माझी कुणी राखली नाही. पहाटे आंघोळ झाली की चिंच आणि राख घेऊन ती मला घासायची, मग माझ्यातले पाणी तुळशीला घालायची. अंगात ताप असला तरी, माझ्या बुडाला चीर जाईपर्यंत तिने हा नेम मोडला नाही. "याले माया मायचा हात लागला हाय," असे म्हणायची. शेजारणी थट्टा करत, "सुंदराबाई, तुया गुंडात पाहूनच आमी कुंकू लावत जाऊ वं!" मी फुशारून जाई.

दोन हजार चार साली, पितृपक्षाच्या तोंडावर, थकलेल्या सुंदराबाईने मुलाला, धनेंद्रला, जवळ बसवले.

"बापू, माया मायले कोनीच पानी देलं नाही. अविधवा नवमीले, सवाष्णीच्या दिवशी, एकडाव तिच्या नावानं पानी सोड. मंग मी मराले मोकळी."

"नाव काय आजीचं?"

"थेच तं माहीत नाही रे. समदे फुलचूरवाली म्हनत."

धनेंद्र मोटारसायकल काढून फुलचूरला गेला. संध्याकाळी आला तो उंबऱ्यातच बसला.

"माय, घर सापडलं. पन थे म्हनतात, आमची लेक तं बिनलेकराची मेली. तुमची माय आमची कोनीच नाही."

सुंदराबाई हळूच म्हणाली, "मंग मी कोनाची?"

दुसऱ्या दिवशी धनेंद्रने तिच्या माहेरगावचा उदाराम म्हातारा गाडीवर बसवून आणला. म्हाताऱ्याला हसूच आले.

"अगा, थे पयली! हिची माय दुसरी. सालेकश्याकडच्या जंगलातून आनली होती. हाक मातर पयलीचीच."

"गाव कोनतं? नाव काय?"

"बाईचं नाव कोन पुसे गा? पन आंदनाच्या भांड्यावर बाप नाव कोरून दे. एखांदं भांडं असन ना तिचं?"

सुंदराबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "हाय ना! हा काय गुंड!"

तांदूळ सुपात ओतले. मला अंगणात उन्हात नेले. धनेंद्रने मला फिरवून फिरवून पाहिले, मग बोटाने चाचपले.

"गुळगुळीत हाय, माय. एक वेलांटी दिसते फक्त."

उदारामने डोळे बारीक केले. "कोनं घासलं वं येवढं?"

मित्रांनो, सुंदराबाईला अक्षरओळख नव्हती. गळ्यावरच्या त्या रेघांत मळ अडकून राहतो, म्हणून ती तिथे जरा जास्तच घासायची. ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली.

धनेंद्र सालेकश्याकडच्या गावांतूनही हिंडला. जिथे तिथे लोक पुसत, "नाव सांगा ना तिचं!" तो हात हलवत परत आला.

नवमीला महाराज आले. दर्भ, तीळ, पाणी, सगळे मांडून झाले. "मातामहीचे नाव?" त्यांनी विचारले. धनेंद्रने आईकडे पाहिले.

"माहीत नसेल तर गंगा म्हणा. चालते."

आयुष्यात कधी आवाज न चढवलेली सुंदराबाई भिंतीला धरून उठली. "नाही, महाराज. जितेपनी तिले मेलेल्या बाईचं नाव लावलं. आता मेल्यावर आनखी कोनाचं लावून राहिले?"

महाराज थांबले. धनेंद्रच्या ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून ताटात गळून गेले. त्याने पुन्हा ओंजळ भरली. तीही गळून गेली.

त्या थंडीतच सुंदराबाई गेली. शेवटपर्यंत तिने मला पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, भांडे घासण्याआधी त्यावर काय कोरले आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि आज घरी गेलात की आजीला तिच्या आईचे नाव विचारा. सांगणारे तोंड आहे तोवर विचारा. धनेंद्र आता दरवर्षी सुंदराबाईचे नाव घेऊन पाणी सोडतो. मग तिच्या आईसाठी ओंजळ भरतो, आणि काहीच बोलत नाही.