चूलबंद आवतण

आमच्या तेरच्या वाचनालयातल्या सहाही संगणकांना बसवराजनं भर सभेत भंगार म्हटलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसवराज धाराशिवला संगणक विकतो. नवी विंडोज या जुन्या मशीनवर चालत नाही, म्हणून मशीनच टाकून द्या आणि माझ्याकडून नवी घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. जोडा बसत नाही म्हणून पाय तोडायला सांगणारा माणूस!

मी या वाचनालयाची ग्रंथपाल. दोन वर्षांपूर्वी ही मशीनं कोपऱ्यात धूळ खात पडली होती. मीच एकेक उघडून पुसलं आणि पेनड्राइव्हवरून त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं. फुकट मिळतं, जुन्या मशीनला झेपतं, मराठीत चालतं. कुणाची परवानगी घेतली नाही, हे खरं. पण गावातल्या पोरी त्यावर टायपिंग शिकल्या तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. चार नंबरचं मशीन तर आमच्या नागूबाईंचं. झाडलोट उरकली की रोज दुपारी त्या तिथं बसतात. शाळा चौथीपर्यंत, टायपिंग एका बोटानं, पण बसल्या की उठायचं नाव घेत नाहीत.

“ही मॅडमची हौस हाय,” बसवराज समितीला म्हणाला. “ह्याच्यावर साधा प्रिंटर चालवून दावा म्हणावं.”

अध्यक्ष अमृतरावांना वाद लांबवायचा नव्हता. “रोहिणीबाई, शनिवारी तीन वाजता दावा. कागद निघाला तर मशीनं ऱ्हातील. न्हाय निघाला तर बसवराजच्या टेम्पोत.”

आता प्रिंटर आम्ही या मशीनला कधी जोडलाच नव्हता. त्याचं पॅकेज, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, बसवायचं राहिलं होतं. एरवी ते काम चुटकीसरशी होतं. पॅकेजचं नाव टाइप करून आज्ञा द्यायची, मशीन नेटवरून सगळं आणतं आणि आपलं आपण बसवतं. पण त्याच आठवड्यात रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडली. वाचनालयाचं नेट गेलं आणि गावातला टॉवरही मुका झाला. शुक्रवारी मी एसटीनं धाराशिवला बहिणीकडे गेले, तिच्या घरी ते पॅकेज पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि फुशारकीनं परत आले.

बसवायला गेले तर मशीननं साफ नकार दिला. मी परत आज्ञा दिली. परत नकार. रडूच आलं मला, आणि रडू आल्याचा राग त्याहून जास्त आला.

नागूबाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या. “काय म्हणतंय वं ते, बाई?”

“म्हणतंय, या पॅकेजला अजून तीन पॅकेजं लागतात, ती इथं नाहीत. ती आली नाहीत तर हेही बसणार नाही.”

“मग बराबर हाय की! तुम्ही त्या पाकिटाला घरटी एक आवतन दिलं.”

“म्हणजे?”

“आमच्या जावेच्या भावाचं लगीन होतं. सोयऱ्यांनी घरटी एकालाच बोलावलं. माझा सासरा लई मानाचा. म्हणला, बायका-लेकरं घरी चूल पेटवून बसणार आन् म्या एकटा बुंदी खाऊ व्हय? गेलाच न्हाय. मग सोयरे परत आले, चूलबंद आवतन देऊन गेले. त्या दिशी घरात चूल पेटली न्हाय, सगळं घर लग्नाला गेलं. तुमचं पाकीट माझ्या सासऱ्यावानी हाय. त्येला समद्या घरासकट बोलवा.”

मी कपाळावर हात मारला. एरवी नेट असताना हे चूलबंद आवतण मशीन स्वतःच देत होतं, म्हणून मला कधी ते द्यावं लागलंच नव्हतं. त्या तीन पॅकेजांनाही आपापली माणसं असणार, त्यांनाही पुढं असणार. मी मशीनलाच विचारलं, या पॅकेजसाठी तुला काय काय लागेल ते सगळं लिहून दे. तेवीस नावांची यादी निघाली.

शनिवारी पहिल्या एसटीनं पुन्हा धाराशिव. तेवीसच्या तेवीस उतरवून घेतली, दोनदा मोजली. परतीची एसटी मात्र दुपारी मिळाली आणि तीही वाटेत पंक्चर झाली. वाचनालयात पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते, दारात टेम्पो उभा होता आणि बसवराजच्या माणसांनी तीन मशीनच्या वायरी काढल्याही होत्या. चार नंबरच्या मशीनपुढं नागूबाई खुर्ची अडवून बसल्या होत्या.

“हात लावू नका!” मी दारातूनच ओरडले.

“टाइम संपला, मॅडम,” बसवराज म्हणाला.

“घड्याळ तुमच्या दुकानातलं नाही हे. बसा.”

अमृतरावांनी मान हलवली. नागूबाईंनी मला खुर्ची दिली, मी चार नंबरला पेनड्राइव्ह लावला आणि एकदम सगळ्यांना आत घेण्याची आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. एक आलं, दुसरं आलं, नागूबाई बोटं मोजत होत्या. तेविसावं बसलं. मी प्रिंटर जोडला, त्याचा हिरवा दिवा लागला आणि मी उठून उभी राहिले.

“मावशी, तुम्ही लिहा.”

“म्या?”

“तुमचंच मशीन आहे ना?”

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. प्रिंटर घरघरला, क्षणभर थांबला आणि मग कागद बाहेर पडला. अमृतरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. “हे मशीन भंगार न्हाय.”

“ह्यात ‘नाही’ पायजे,” बसवराज म्हणाला. त्याला दुसरं काही सापडलं नाही.

नागूबाई वळल्या. “वाचता आलं का तुम्हाला?”

“आलं.”

“मग चुकलं कुठं?”

अमृतराव हसले. त्यांनी कागद घडी करून सभेच्या वहीत ठेवला आणि काढलेल्या वायरी परत जोडायला सांगितलं. बसवराज तणतणत उठला. “उद्या बिघडलं तर मला बोलावू नका.”

“आजही तुम्हाला आवतण नव्हतं,” मी म्हणाले.

टेम्पो रिकामा गेला. नागूबाईंनी त्याच ओळीची आणखी एक प्रत काढली आणि खळ लावून वाचनालयाच्या दारावर चिकटवली. लोक येता-जाता वाचतात. कुणी ‘न्हाय’ खोडून ‘नाही’ करायला पेन काढलंच, तर मी आतून उठून बाहेर येते.