लंटचा तिसरा प्रकार

"राजे, सेनापती, अध्यक्ष, सगळे विसरले जातील. इतिहासात उरतील ते बंद पडलेले छोटे कारखाने!" माझ्या शेजारच्या सीटवरून व्हर्नन स्ट्रुबलने जाहीर केले. ओहायोतला मका दोन्ही बाजूंनी निमूटपणे ऐकत होता. मीही गंभीर चेहरा करणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "पुढच्या पंपावर थांबव रे. आवरत नाही."

सकाळपासूनची ही तिसरी खेप.

व्हर्ननने एकतीस वर्षे गावातल्या घराघरांत वाकून पाण्याचे मीटर वाचले. त्या काळात त्याने जमवले ते फक्त कुत्र्यांचे चावे. निवृत्त झाल्यावर मात्र तो लंट कार्बाईन जमवू लागला. कार्बाईन म्हणजे आखूड बंदूक. ही अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येते. निदान यावी अशी अपेक्षा असते. लंट नावाच्या गृहस्थाने एका जुन्या अंडी निवडायच्या यंत्रांच्या कारखान्यात तीन वर्षे त्या बनवल्या आणि मग, देशाच्या सुदैवाने, कुलूप लावले.

जगात लंट जमवणारे अकरा जण आहेत. त्यांचा संघ आहे. पैकी नऊ जण एकमेकांशी बोलत नाहीत. उरलेले दोघे दर ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भेटून त्या नऊ जणांबद्दल बोलतात. बंदुका हिरव्या मखमलीवर मांडायच्या, पांढरे सुती हातमोजे घालूनच उचलायच्या आणि काहीही झाले तरी झाडायच्या नाहीत. झाडली की किंमत उतरते. व्हर्ननकडे चौदा आहेत. त्यांच्या खोलीत बूट काढून जावे लागते, म्हणून त्याच्या बायकोने, अर्लीनने, शिलाई मशीन तिथून काढून घरातल्या बोळात आणून ठेवले आहे.

उद्या संघाची सभा होती आणि व्हर्नन तिथे निबंध वाचणार होता. विषय: लंटचा तिसरा प्रकार. पहिल्या प्रकाराचा दस्ता अक्रोडाचा, दुसऱ्याचा स्वस्त लाकडाचा. तिसऱ्या प्रकारात नेम धरायच्या मागच्या खाचेखाली मोहरीएवढे एक टिंब ठोकलेले असते. अशा जेमतेम पन्नास आहेत. व्हर्ननचे म्हणणे असे, की लंटने स्वतः निवडलेल्या या सर्वोत्तम पन्नास, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. संघाचा अध्यक्ष लीलँड पूल म्हणतो, टिंब म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा. या मोहरीवरून बावीस वर्षे जुंपली आहे. शहाणी माणसे एवढ्या काळात दोनदा घटस्फोट घेतात.

आणि आता व्हर्ननला साक्षीदार सापडली होती. अल्बिना झुपान, वय नव्वद, लंटच्या कारखान्यातली शेवटची जिवंत कामगार. तिने सही करायचे पत्रसुद्धा तो टाइप करून घेऊन आला होता. मोतीबिंदू काढल्यापासून त्याला गाडी चालवायची बंदी आहे. म्हणून मी.

झुपानबाईंनी स्वयंपाकघरातच बसवले. अक्रोडाचे सारण भरलेल्या गोड पावाचे जाड तुकडे कापून पुढे सरकवले. व्हर्ननने पेटी उघडली आणि लाडकी तिसऱ्या प्रकारची लंट टेबलावर ठेवली. बाईंनी लोणी लागलेल्या हातांनीच ती उचलली.

"हातमोजे..." व्हर्नन कळवळून म्हणाला आणि त्याने जोडी पुढे केली.

"ऑगस्टात? थंडी वाजतेय का तुला?" बाईंनी बाजूचा दट्ट्या मागे ओढला, आत डोकावून रिकामी असल्याची खात्री केली. हात अजून सराईत होते. "शेवटचं टेबल माझं होतं. दोन-चार गोळ्या झाडून बघायच्या, मग खोक्यात." त्यांचा अंगठा खाचेखाली थांबला. "अगं बाई! हे तर माझं टिंब!"

व्हर्ननने माझा गुडघा इतका आवळला, की मला अजून ते आठवते.

"खास निवडलेल्यांवरच मारायचात ना, झुपानबाई?"

"मग! खास निवडलेल्यांवरच."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर माझ्या कुत्सितपणाची लाज वाटली. क्षणभरच.

"पहिल्या गोळीनंतर अडकायच्या ना, त्यांच्यावर," बाई म्हणाल्या. "चुकून पुन्हा खोक्यात जाऊ नयेत म्हणून. मग कोपऱ्यात ढीग."



"पण... त्या तर विकल्या गेल्या," व्हर्नन म्हणाला.

"शेवटच्या आठवड्यात लंटसाहेबांनी सगळंच विकलं. खुर्च्या, पंखे, तो ढीग. माझ्या हातातला टिंब ठोकायचा पंचसुद्धा." मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "तू कधी झाडून नाही बघितलीस?"

"झाडली की किंमत उतरते."

बाई माझ्याकडे वळल्या. "हा खरंच बोलतोय का?"

"बावीस वर्षं," मी म्हणालो.

"एकदा चाप ओढला असतास तर कळलं असतं रे बाळा. दुसऱ्यांदा ओढायची वेळच आली नसती."

एकाहत्तर वर्षांच्या बाळाने पावाचा तुकडा उचलला आणि न खाता खाली ठेवला. "म्हणजे लीलँडचंच खरं," तो पुटपुटला.

"कोण लीलँड?"

"एक गाढव. तो म्हणतो, टिंब म्हणजे निष्काळजीपणा."

"निष्काळजीपणा?" बाईंनी सुरी आपटली. "तीन वर्षांत अडकणारी एकही बंदूक माझ्या टेबलावरून पुढे गेली नाही! त्या कारखान्यात काळजी घेणारी मी एकटी होते. बाकी सगळे नुसते बंदुका बनवायचे. सांग त्या गाढवाला!"

व्हर्ननने खिशातून टाइप केलेले पत्र काढले. 'सर्वोत्तम पन्नास' या शब्दांवर त्याची नजर जरा रेंगाळली. माझी खात्री होती, की तो ते तसेच पुढे सरकवेल आणि बाई न वाचताच सही करतील. आमच्या गावात थोरवी म्हणजे साधारण एवढीच असते. पण त्याने कागद उलटा केला. कोरी बाजू वर घेऊन पेन पुढे ठेवले.

"जे झालं तेच लिहा," तो म्हणाला. "तुमच्या हातानं."

बाईंनी चार ओळी लिहिल्या. त्याने कागद घडी न घालता पेटीत, बंदुकीच्या शेजारी ठेवला.

"मला पण एक दिली होती," निघताना बाई म्हणाल्या. "कारखाना बंद झाला त्या दिवशी. मी खायला हॅम मागितला होता. परसात आहे बघ."

परसात टोमॅटोंची एक रांग होती. टोकाचे झाड फळांनी वाकलेले, आणि जुन्या पायमोज्यांच्या चिंध्यांनी एका लंट कार्बाईनला बांधलेले. नळी जमिनीत हातभर रुतलेली, दस्ता वर, त्यावर गोगलगाय. व्हर्नन चिखलात गुडघे टेकून बसला. पाण्याचे मीटर वाचायचा तसा मान वाकडी करून त्याने खिशातली विजेरी पेटवली, अंगठ्याने गंज पुसला आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचला. "दोन हजार तीनशे सहा."

संघाच्या मते शेवटची लंट दोन हजार तीनशे चार.

त्याने खाचेखाली बोट फिरवले. "टिंब नाही."

"नसणारच," बाई म्हणाल्या. "ही चालायची."

व्हर्ननने खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि चिखलाच्या हातांवर एकेक बोट नीट बसवून चढवले. मी न पाहिल्यासारखे केले.

"झुपानबाई," तो तसाच बसून म्हणाला, "ही मला मिळेल?"

"ने की. पण आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक बरीशी काठी आणून दे. आणि काढताना जरा जपून हं, टोमॅटो धरलेत."