खिडकीपलीकडचं टोक

मी एक जुनी पाळण्याची दोरी आहे. दिसायला अगदीच गबाळी. शेजारच्या शिंपीणमावशीने उरलेल्या चिंध्या पिळून मला वळलं, त्यामुळे माझ्या अंगावर कुणाच्या शर्टाचा निळा तर कुणाच्या परकराचा लाल असे नाना रंग आहेत.

मित्रांनो, मला मुद्दाम लांबलचक केलं होतं. जुन्या घरी माझं एक टोक तान्ह्या ठकीच्या पाळण्याला असे आणि दुसरं अरुंद बोळ ओलांडून मावशीच्या खिडकीत. आधी तिने मला शिलाई मशीनच्या पायडललाच बांधलं. पाळणा असा काही थडथडला की ठकीने घर डोक्यावर घेतलं. मग मावशीने मला डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. उजवा पाय मशीनवर, डावा पाळण्यावर आणि आमच्या दाराची किल्ली तिच्या कमरेला.

ठकीची आई औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायची.

“मावशी, निघते हं.”

“जा गं निवांत. माझा अंगठा आहे ना.”

पुढे बाबांच्या कामाजवळ नवव्या मजल्यावर मोठं घर मिळालं. मी हरखून गेले होते. पण तिथे खिडकीबाहेर नुसतं आभाळ होतं. मला दाराच्या मुठीला गुंडाळलं. शेजारी वाईट नव्हते, पण त्यांची दारं बंद असत आणि ओळख कुणाशीच नव्हती. नव्या घरासाठी दोघांनी कमावणं भाग होतं. आई-बाबांनी आळीपाळीने रजा काढल्या, त्याही संपल्या. आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आजीला इथे राहता येईना. शेवटी तीच ठकीला दूर गावी घेऊन गेली.

“थोडेच दिवस,” बाबा म्हणाले.

एकदा मावशीचा फोन आला. “का गं, दोरी पुरत नाही का तिथे?”

“पुरते, मावशी. पण धरायला कुणी नाही.”

परवा आई ठकीला भेटून आली. ठकी तिला बघून आजीच्या मागे लपली म्हणे. घरात आल्यावर आईने चपलाही काढल्या नाहीत. मला मुठीवरून सोडलं आणि रिकामा पाळणा हलवत बसली. मला फार रडू आलं, पण दोरीला कुठलं रडता येतं.

मित्रांनो, तुमच्या शेजारी तान्हं बाळ असेल तर एकदा त्यांचं दार वाजवा. मी अजून मजबूत आहे. माझं एक टोक मोकळंच आहे.