मेलेल्या ओढ्याचा अर्ज

खाणीखालच्या ओढ्याचं पाणी गेली तीस वर्षं नारिंगी होतं. साधंसुधं नाही, सर्कशीच्या तंबूसारखं नारिंगी. खाण बंद पडली, मालक पसार झाला आणि मागे उरलेल्या भोकातून आंबट, गंजकं पाणी ओढ्यात उतरत राहिलं. त्यात मासा नव्हता, बेडूक नव्हता. डाससुद्धा अंडी घालायला दुसरीकडे जायचा.

पाणीखात्यातला कारकून मात्र हे बघून खूश व्हायचा. बंद खाणींनी नासवलेले ओढे दुरुस्त करायला सरकारने निधी काढला होता आणि त्याची अट अशी, की ओढा पुरता मेलेला पाहिजे. अर्धमेल्याला दमडी नाही. तीन तपासण्या, तिन्ही वेळा मेलेला. पहिल्या दोन्हींत हा ओढा पहिल्या नंबराने मेलेला निघाला होता. तिसरी मंगळवारी सकाळी अकराला होती.

त्या तिसऱ्या तपासणीत कारकुनाचा जीव अडकला होता. बायकोला आठ तासांवरच्या शहरात, इस्पितळात नोकरी लागून दीड वर्ष झालं. ती मुलीला घेऊन गेली. याचीही बदली मंजूर झाली, पण साहेबांनी ऑर्डर ड्रॉवरमध्ये टाकली, किल्ली खिशात टाकली आणि सांगितलं, आधी ओढा यादीत, मग तुम्ही गाडीत. तेव्हापासून कारकून सासऱ्याच्या दोन खोल्यांत राहत होता. घरजावई जगात पुष्कळ असतात, पण बायको निघून गेल्यावर सासऱ्याजवळ शिल्लक राहिलेला हा एकच.

सासरा त्याच खाणीतला जुना मुकादम. बोलायला कमी, घोरायला दांडगा. घरात एक पलंग आणि एक गादी. गादी जावयाला. रविवारी फोन आला की मुलगी विचारायची, बाबा, ओढा मेला का? तो म्हणायचा, मेलाय बाळा, अजून एकदाच मरायचाय, की आलोच.

शेवटचे तीन आठवडे त्याला ओढ्याकडे फिरकायलाही सवड मिळाली नाही. फाईलच्या पानांवरचे आकडे खालच्या डाव्या कोपऱ्यात होते आणि वरून पत्र आलं, की ते वरच्या उजव्या कोपऱ्यात हवेत. तिन्ही प्रतींचे आकडे खोडून परत घालण्यात दिवस जात होते. त्यात घरातल्या बारीकसारीक चमत्कारांकडे कोण बघतो? मामा, म्हणजे सासरे, पहाटेच बाहेर पडायचे आणि भुवया पांढऱ्या करून परतायचे. भांडी घासायची तारेची घासणी नाहीशी झाली. नवी आणली, तीही गेली. म्हाताऱ्याने कुठेतरी भिंती रंगवायचं काम धरलं असेल असं समजून कारकुनाने कढई नखांनी खरवडायची सवय लावून घेतली.

मंगळवारी तपासणी अधिकारी बाई जीपमधून उतरल्या. वाटेभर कारकुनाच्या तोंडाला खळ नव्हता. जरा जपून, गेल्या खेपेला शिपायाच्या चपलेचा अंगठा विरघळला, असं काय काय तो सांगत होता. शेवटचं वळण आलं आणि त्याची वाचाच बसली.

ओढा नितळ होता. तळातला गोटा न् गोटा दिसत होता, नुकताच घासून पालथा घातल्यासारखा लख्ख. काठावर मामा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते, मुलीच्या लग्नात दाराशी उभे होते तसे.

बाईंनी मीटर बुडवलं. पाणी जितकं आंबट तितका आकडा खाली. या ओढ्याने तीनच्या वर कधी डोकं काढलं नव्हतं. आज आला सहा पूर्णांक नऊ. कारकून म्हणाला, मीटर बिघडलंय. बाईंनी दुसरं काढलं. तेही बिघडलेलं निघालं, अगदी तितकंच. मग त्या ओणव्या झाल्या आणि बोट दाखवलं. खालच्या नदीतून चढून आलेला बोटभर मासा दोन गोट्यांमध्ये निवांत शेपूट हलवत होता.

कारकुनाने सासऱ्याला झाडाआड ओढलं. मामांनी सगळं आनंदाने सांगितलं. चुन्याने पाण्याचा आंबटपणा मरतो हे खाणीत पोराटोरांनाही ठाऊक असायचं. म्हणून रोज दोन गोणी चुना त्या भोकाच्या तोंडाशी. आणि गोटे, ते हातानेच, घासणीने.

"पण कशासाठी, मामा?"

"कशासाठी म्हणजे? सरकारी पाहुणे यायचे होते. खाण चालू होती तोवर वीस वर्षं त्या भोकात मी माणसं उतरवली, जावईबापू. घाण आमचीच आहे. ती बघायला परक्या बाईला बोलवायचं आणि आधी साधा झाडूही मारायचा नाही?"

कारकून धावत बाईंकडे गेला. म्हणाला, हा दिसतो तसा नाही, हा रोजच्या चुन्यावर जगतोय, चुना थांबला की महिन्यात मरेल, तेव्हा मेलाच समजा. बाईंनी फॉर्म उलटापालटा करून बघितला. चौकटी दोनच होत्या. मृत आणि जिवंत.

"माझ्या वडिलांनाही रोज पाच गोळ्या लागतात," त्या म्हणाल्या. "त्यांना मी कुठल्या चौकटीत घालू?"

आणि त्यांनी जिवंतवर खूण केली.

आठवड्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर, ओढ्याचं अभिनंदन. सोबत एक मोठा पत्र्याचा फलक, 'निधीविना सुधारलेला आदर्श ओढा'. तो खात्याने खात्याच्याच निधीतून रंगवला होता. तळाशी बारीक अक्षरात होतं, की ओढा पुन्हा मेल्यास नव्याने अर्ज करता येईल. साहेबांनी दार लावून घेतलं आणि कारकुनाला समजावलं. म्हाताऱ्याला आवरा, चुना बंद करा, ओढा मरू द्या, तीन तपासण्या होऊ द्या. मग रीतसर निधी येईल, कायमची दुरुस्ती होईल आणि ड्रॉवरही उघडेल. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

कारकुनाने हे घरी सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं.

"निधी येईल तेव्हा येईल," ते म्हणाले. "मासा आलाय."

आणि दुसऱ्या दिवशी गोणी उचलताना त्यांच्या कमरेत अशी उसण भरली, की त्यांना दाराच्या फळीवर आडवं घालून घरी आणावं लागलं. पलंगावरून ते छताकडे बघत म्हणाले, "उद्यापासून तुम्ही टाका." एवढंच. विनवणी त्यांच्या स्वभावात नव्हती.

कारकुनाला सुटका समोर दिसली. काहीच करायचं नव्हतं. आणि काही न करण्यात खात्यातली सोळा वर्षं गेली होती, सराव दांडगा होता.

सकाळी तो खाणीच्या तोंडाशी गेला आणि चुन्याच्या गोणीवर पाय पसरून बसला. भोकातून पाणी येत होतं. खालच्या गोट्यांवर, अजून अगदी फिकट, नारिंगी साय धरू लागली होती. तेवढ्यात मासे आले. एक नव्हे, चार. म्हातारा रोज या जागी शिळ्या पावाचा चुरा टाकत असणार, कारण चौघांनी रांगेत तोंडं वर केली आणि ते थांबून राहिले, सरकारी खिडकीसमोर लोक थांबतात तसे.

"माझ्याकडे बघू नका," कारकून म्हणाला. "माझी बदली झालीये."

ते बघत राहिले.

खिशात फोन वाजला. बायको होती. तिने एवढंच विचारलं, की सुटलास का.

तो गोणीवरून उठला. मग फोन खांद्यात धरून त्याने गोणीची सुतळी दातांनी तोडली. भोकाच्या तोंडाशी पांढरा ढग उठला आणि ऑफिसच्या सदऱ्यावर बसला.

"रविवारी तुम्हीच दोघी या," तो म्हणाला. "आणि येताना तारेच्या घासण्या आण. चारपाच आण."