रजेवर गेलेला सोमनाथ

"रजेवर? कुणाच्या घरी गेला रजेवर?" सिंधुबाईंनी विचारलं.

अंबडच्या मागच्या अंगाला बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं एक अनुदानित वसतिगृह आहे. तिथं त्या दिवशी तपासणी चालू होती. तपासणीला आलेल्या उज्वला मॅडमसमोर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं. सोमनाथच्या नावापुढं तीन दिवसांपासून लिहिलेलं : रजेवर, आई घेऊन गेली.

आणि आई तर ही समोर उभी. तीन दिवस इथला फोन कुणी उचलला नाही, म्हणून सायखेड्याहून पहिल्या एसटीनं आलेली. हातात दशम्यांचा डबा.

"मावशी, तुम्ही विसरला असाल," अधीक्षक दिनेश सर हसून म्हणाले. "वयानं होतं असं."

"चौतीस वर्सं न्हाऊ घातलं त्याला. घरी नेला का नाय, ते इसरंन व्हय मी?"

"सर, मग सोमनाथ आहे कुठे?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नातेवाईक आला असेल. बघतो ना मी."

सिंधुबाई काळजीवाहकाकडे वळल्या. "यादवा, तू सांग बाबा."

"मला काय ठाव नाय, आई." यादव फरशीकडे बघत होता. कमरेच्या किल्ल्यांवरचा हात मात्र त्यानं काढला नाही.

सिंधुबाईंनी दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. कुठं टाळ वाजला की सोमनाथ तिकडं चालू लागायचा. गेल्या महिन्यात एका दिंडीच्या मागं इथून निसटला, तो थेट महामार्गावरच्या द्वारका चौकात ट्रकांमध्ये सापडला होता.

त्याला बोलता येत नव्हतं. येत होतं ते एवढंच : सायखेड्याच्या देवळात कीर्तनात बुवांनी "पुंडलिक वरदे" म्हटलं, की सगळी सभा "हारी विठ्ठल" म्हणायची, आणि सगळ्यांचं म्हणून झालं की श्वासभरानं, एकटा, सोमनाथ म्हणायचा. आधी पोरं हसायची. मग बुवाच चिपळ्यांचा हात वर धरून थांबायला लागले. म्हणायचे, "थांबा, एक माणूस यायचाय अजून." तो आला की मगच निरूपण पुढं.

सिंधुबाईंनी डबा खाली ठेवला. हात जोडले, डोळे मिटले.

"बोला, पुंडलिक वरदेऽऽ!"

हॉलमधल्या वीसपंचवीस गळ्यांतून जमेल तसं "हारी विठ्ठल" उमटलं. एकानं टाळ्या पिटल्या. यादवचेही ओठ हलले.

"मावशी, हा काय तमाशा..."

सिंधुबाईंनी हात वर केला. "थांबा. एक माणूस यायचाय अजून."

मॅडमचा पेन थांबला. पंखा तेवढा कुरकुरत होता. एक श्वास गेला. दुसरा गेला. वर धरलेला हात सिंधुबाईंनी खाली घेतला नाही.

मग स्वयंपाकघराच्या मागून, गाद्यांच्या खोलीतून :

"हाऽरी वि... ठ्ठल."

सिंधुबाई धावल्या. लोखंडी दाराला कुलूप होतं.

"मॅडम, त्याच्या सुरक्षेसाठीच," दिनेश सर मागून सांगत होते. "तीस जणांना एक काळजीवाहक. दोन जागा दोन वर्षं रिकाम्या. कितीदा पत्रं लिहिली! या आठवड्यात तुम्ही कधीही येणार, त्यात हा पळाला असता तर?"

यादवनं कुणाला न विचारता कुलूप काढलं. सोमनाथ गाद्यांच्या थप्पीवर बसला होता, घोटा साडीच्या पट्टीनं खिडकीच्या गजाला बांधलेला. त्यानं आईकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या हातांकडे. डबा बाहेरच राहिला होता.

"गाठ मीच बांधली, आई," यादव म्हणाला. "तो चौकात मरू नये म्हून."

"मला फोन करायचा होतास रे. येऊन बसले असते मी." गाठ त्यांनी स्वतः सोडली. मग म्हणाल्या, "मॅडम, 'रजेवर' खोडा. 'कोंडला होता' लिहा. आन तीस जणांना हा यादव एकटाच, तेबी लिहा."

मॅडमनी आवाज उतरवला. "असं लिहिलं तर हे वसतिगृहच बंद होऊ शकतं, मावशी. मग याला कुठे ठेवाल?"

सिंधुबाईंनी सोमनाथकडे पाहिलं. त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि सोमनाथ त्यांच्याहून हातभर उंच.

"ते मला ठाव नाय," त्या म्हणाल्या. "पण तो हितं नव्हता, असं लिहिलेलं राहू नये."

मॅडमनी हातातल्या रजिस्टरमधल्या त्या ओळीवर रेघ मारली.

"खाली माझं नाव टाका, मॅडम," यादव म्हणाला. "गाठ कुणी बांधली त्याचं."