दुसरी पसंती कोरी

मागच्या वेळी आमच्या बंदरगावात मतं फुटली आणि प्रेस्कॉट गावप्रमुख म्हणून निवडून आला. गावाचं म्हाताऱ्यांचं निवासघर विकायचं, हा त्याचा धोशा. ते वाचवू म्हणणारे दोघं उभे राहिले आणि दोघंही पडले. म्हणून आम्ही बायकांनी दारोदार हिंडून पसंतीक्रमाची पद्धत आणली. पहिली पसंती एकाला, दुसरी दुसऱ्याला. पहिला सगळ्यांत मागे पडून बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं. इतकं सोपं. पण आमच्या घरच्या माणसाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

विक्री अजून रखडली होती, आणि यंदाही तेच तिघं. प्रेस्कॉट, निवासघरातली नर्स कोरिन मिशो, आणि आल्टन ब्रिग्ज. आल्टन म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डेलचा, जिवलग. एका बोटीवर शेवंडं पकडण्यात दोघांचा जन्म गेला. डेलची थोरली बहीण रोझली त्याच निवासघरात होती, अर्धं अंग लुळं पडलेली. रोज धक्क्यावरून डेल थेट तिच्याकडे जायचा. ती नाक मुरडायची, आंघोळ करून ये म्हणायची, आणि त्याला उठू द्यायची नाही.

निवडणुकीआधी चर्चमध्ये नेहमीचं घेवडा-पावाचं गावजेवण होतं. आल्टनचं सगळं टोळकं एका टेबलावर. मी म्हटलं, "पहिलं मत आल्टनलाच द्या, कोण नको म्हणतंय? दुसरं तेवढं कोरिनला द्या."

"म्हणजे आल्टन पडणार हे तू आधीच ठरवून टाकलंस," डेल म्हणाला.

"अरे, तो बाद झाला तरच दुसरं मत बघतात. त्याचं काही कमी होत नाही."

"दोन होड्यांत पाय ठेवणारा माणूस नाही मी. पाव दे इकडे."

टेबल हसलं. आल्टनही हसला. खरं तर त्यानेच सांगायला हवं होतं, पण दोस्तांची माया बघून सुखावला असणार मेला.

मोजणीत आल्टन तिसरा आला आणि बाद झाला. मग त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघू लागले. गावकचेरीतल्या क्लार्कबाई एकेक उचलायच्या, "कोरी" म्हणायच्या आणि बाजूला ठेवायच्या. तो गठ्ठा वाढत गेला. प्रेस्कॉट थोडक्यात जिंकला. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. डेल टोपी हातात धरून उभा होता. "मला वाटलं, आल्टनच येईल," म्हणाला.

निवासघर विकलं गेलं. रोझलीला जागा मिळाली ती पोर्टलंडला. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. रोजचं जाणं संपलंच.

निघायच्या दिवशी कोरिन रोझलीचे केस विंचरत होती. रोझलीने डेलचा हात धरला होता. "थोडक्यात गेलं म्हणे. कसली रे ही माणसं? आम्ही इथे पडलोय, एवढंसुद्धा दिसलं नाही त्यांना?"

डेल दुसऱ्या हाताने तिच्या पिशवीची चेन लावू लागला.

"तू नको जिवाला लावून घेऊ. तू तर दिलंच होतंस कोरिनला."

एरवी माझी जीभ ऐकत नाही. त्या दिवशी मी बोलले नाही.

"नाही दिलं, रोझली," डेल म्हणाला. "दुसरं मत मी कुणालाच दिलं नाही."

कोरिनचा कंगवा थांबला. रोझलीने तो हात, तिचा एकच चालता हात, त्याच्या हातातून काढून घेतला.

"चल कोरिन," ती म्हणाली. "गाडी थांबलीये."